ज्वारीची मादी ओळ आणि कॅनडातली बाळे

माझ्या पुतणीला गावाकडे कोणी विचारले, "काय करतेस गं पोरी?" तर ती सांगते, "कॉम्प्युटरवर रोग शोधते." विचारणारा मान डोलावतो आणि घरी जाऊन सांगतो की, अमक्याची मुलगी बँकेत लागली. गेल्या दिवाळीत मीही तिला तेच विचारले. मी बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेला, तीस वर्षे विस्ताराच्या कामात बांधाबांधाने फिरलेला. मला तरी नीट कळायला हवे, असे वाटले. ओसरीवर बसून तिने जे सांगितले ते मला फार ओळखीचे निघाले. शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमच्यापैकी ज्यांनी संकरित ज्वारीचा बीजोत्पादन प्लॉट केला असेल, त्यांनाही ते ओळखीचेच वाटेल.

त्या प्लॉटात मादीच्या चार ओळी आणि नराच्या दोन ओळी असा पेरा असतो. मादी ओळीतल्या कणसात जिवंत पराग धरतच नाही. म्हणून तिच्यावर नराचाच पराग पडतो आणि भरतील ते सगळे दाणे संकरित होतात. १९६४ साली आलेली सी.एस.एच.-१ ही ज्वारी याच युक्तीवर उभी राहिली. आता गंमत पाहा. मादी ओळीतला हा दोष दाण्यात बापाकडून कधीच येत नाही, फक्त आईकडून येतो. कारण तो पेशीच्या केंद्रात नसतो, केंद्राबाहेरच्या तंतुकणिकांत असतो. मायटोकाँड्रिया म्हणतात त्या याच. मग हे संकरित बी शेतकऱ्याने पेरल्यावर त्याच्या शेतातली कणसे भरतात कशी? तर नर ओळीने दाण्याला एक दुरुस्ती करणारा जनुक दिलेला असतो. तो केंद्रात बसतो आणि तंतुकणिकेतला बिघाड आवरून धरतो. हे मी कित्येक शेतकरी मेळाव्यांत सांगितले आहे. त्याचा माणसाच्या लेकराशी काही संबंध असेल, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

या युक्तीचा फटकाही बसलेला आहे. अमेरिकेत १९७० साली बहुतेक संकरित मक्यात एकाच जातीचा असा आईकडचा वांझपणा वापरला होता. करप्याच्या बुरशीने नेमका तोच धरला आणि त्या देशाचा सुमारे १५ टक्के मका गेला. दोष होता तंतुकणिकेतल्या एका जनुकात.

"काका, माणसातही तेच," पुतणी म्हणाली. तंतुकणिका म्हणजे पेशीची चूल. आपण खाल्लेली भाकरी आणि घेतलेला श्वास यांची गाठ तिथे पडते आणि अंगाला बळ मिळते. मेंदू, हृदय, स्नायू, यकृत यांना बळ जास्त लागते, म्हणून चूल मंदावली की पहिली झळ त्यांना बसते. अन्न अर्धवट जळते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साठत जाते.

या चुलीची स्वतःची एक छोटी वही असते. तिच्यात १६,५६९ अक्षरे आणि फक्त ३७ जनुके. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेने ती १९८१ साली पहिल्यांदा पूर्ण वाचली. (वाचताना काही अक्षरे लागेनात, तेव्हा गायीच्या वहीचा आधार घेतला होता. त्यातल्या चुका १९९९ मध्ये दुरुस्त कराव्या लागल्या. गाय आपल्याला भेटते ती अशी कुठेही.) ही छोटी वही फक्त आईकडून मिळते. पण तेवढ्यावर चूल पेटत नाही. तिला लागणारी हजाराहून अधिक प्रथिने केंद्रातल्या मोठ्या वहीवरून बनतात, आणि ती मोठी वही आई-बाप दोघांनी निम्मी-निम्मी दिलेली असते. तेव्हा चुलीचा रोग दोन्हीकडून येऊ शकतो. सगळा दोष आईच्या पदरात टाकणे शास्त्राला धरून नाही.

छोट्या वहीतली चूक रोग करते हे १९८८ साली पुढे आले. ऐन तरुणपणी नजर जाण्याचा एक रोग आहे. अमेरिकेत डग्लस वॉलेस यांच्या गटाने त्याचे मूळ ११,७७८ व्या अक्षरात दाखवले. आणखी एक गोष्ट आपल्या घरांच्या उपयोगाची आहे. १,५५५ व्या अक्षराचा एक बदल ज्या घराण्यात असतो, तिथे स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिनच्या इंजेक्शनाने कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. हे १९९३ मध्ये उमगले. आजी, आई, मावशी, मामा यांपैकी कोणाचे कान अशा इंजेक्शनानंतर गेले असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. औषध वाईट नाही, कित्येकांचे प्राण त्याने वाचलेले आहेत. पण सांगायला पैसे पडत नाहीत.

पुतणीने मला खरी गोष्ट सांगितली ती कॅनडातली. क्वेबेक प्रांतात सागने नदी आणि सें-झाँ सरोवराच्या भोवती एक मुलूख आहे. थंडी कडाक्याची. तिथे जंगलतोड, दुधाचा धंदा आणि ब्लूबेरी नावाचे निळे बोराएवढे फळ चालते. मूळच्या फ्रेंच शेतकऱ्यांच्या वंशजांनी १८३८ पासून शेजारच्या शार्लव्वा भागातून येऊन तिथे वस्ती केली. घरटी मुले भरपूर. मूठभर बियाण्यावरून वाढवलेल्या शेतात एखादा भेसळीचा दाणा असला, तर पाच-सात हंगामांत तो कसा पसरतो हे आपण पाहिले आहे. तिथेही तसेच झाले. जवळच्या नात्यातली लग्ने हे तिथले मुख्य कारण नव्हे. पहिले बियाणेच थोडे होते.

त्या मुलखात सुमारे दोन हजार बाळांमागे एक बाळ चुलीच्या रोगाने आजारी निघे. एरवी बरे दिसणारे मूल साध्या तापात, सर्दीत एकाएकी गळून जाई, श्वास भराभर चाले, रक्तातले आम्ल वाढे आणि पुष्कळदा काही तासांत सगळे संपे. बरीच मुले पाच वर्षांचीही होत नसत. पिएर लाव्वा या तिथल्या सायकलपटूची दोन लेकरे याच रोगाने गेली. १९९९ साली त्याने २४ तासांत सुमारे ६५० किलोमीटर सायकल चालवली, ती लोकांना हा रोग कळावा आणि संशोधनाला पैसा मिळावा म्हणून.

दोष मोठ्या वहीतला आहे, एवढे माहीत झाले होते. आजारी मुलांच्या घरांतून रक्त घेऊन शास्त्रज्ञांनी दोन क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक तुकडा हेरला. तो सगळ्या आजारी मुलांत सारखा होता. पण तेवढ्या तुकड्यातही पुष्कळ जनुके. दोषी कोण?

इथून कॉम्प्युटरवाल्यांचे काम सुरू होते. अमेरिकेत बोस्टनजवळ वंशी मूथा नावाचे भारतीय वंशाचे डॉक्टर होते. आधी गणित शिकलेले, मग वैद्यक. (त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली.) त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी नवा प्रयोग मांडण्याआधी जुनी दप्तरे उघडली. शरीराच्या कोणत्या भागात कोणता जनुक किती चालतो, याच्या मोठमोठ्या नोंदी इतरांनी वेगळ्याच कामांसाठी करून ठेवल्या होत्या आणि सर्वांसाठी खुल्या केल्या होत्या. तलाठ्याच्या पीकपेऱ्यावरून पावसाचा अंदाज बांधावा, त्यातला प्रकार.

युक्ती सोपी आहे. समजा, नव्या गावात दुभती जनावरे कोणाकडे आहेत हे मला गोठे न पाहता शोधायचे आहे. मी डेअरीला दूध घालणाऱ्या ओळखीच्या चार घरांचा दिनक्रम लिहीन. पहाटे पाचला दिवा लागतो, आठवड्याला सरकी पेंड येते, उन्हाळ्यात कडब्याच्या गंजी लागतात. मग ज्या अनोळखी घराचा दिनक्रम याच तालावर चालतो, त्या घरात म्हैस असणारच. जनुकांचेही तसेच असते. चुलीसाठी राबणारे जनुक हृदयात एकदम वाढतात, दुसरीकडे एकदम उतरतात. त्या गुणसूत्राच्या तुकड्यातला कोणता जनुक या मंडळींच्या तालावर चालतो, हे कॉम्प्युटरने हजारो आकडे ताडून सांगितले. एक यादी झाली तुकड्याची, दुसरी तालाची. तिसरी यादी प्रत्यक्ष तंतुकणिका वेगळ्या काढून त्यांत सापडलेल्या प्रथिनांची. तिन्ही याद्यांत बसणारे नाव एकच निघाले. आजारी मुलांत तो जनुक वाचून पाहिला तेव्हा जवळपास सगळ्यांत एकाच ठिकाणी एकच अक्षर बदललेले होते. हे २००३ साली प्रसिद्ध झाले.

त्या जनुकाचे नाव जिभेला जड आहे: एल.आर.पी.पी.आर.सी. त्याचे काम मात्र साधे. छोट्या वहीवरून ज्या नकला उतरवल्या जातात, त्या फाटून वाया जाऊ नयेत म्हणून तो सांभाळतो. म्हणजे केंद्रातला जनुक तंतुकणिकेची काळजी घेतो. मी म्हटले, "अगं, हा तर आपल्या नर ओळीतला दुरुस्तीवाला!" पुतणी हसली आणि म्हणाली, "काका, नावात पी.पी.आर. आहे ना, ते एका मोठ्या घराण्याचे आडनाव आहे." असा दुरुस्ती जनुक २००२ साली पेटुनिया या फुलझाडात सापडला, तो याच घराण्यातला. ज्वारीतही २००५ साली संशोधकांना त्याच घराण्यातला जनुक मिळाला. आमच्या प्लॉटात कणसे भरवणारा आणि त्या थंड मुलखातल्या बाळांत चुकलेला, असे हे एकमेकांचे भाऊबंद. तीस वर्षे मी ही गोष्ट अर्धीच सांगत होतो.

आता हिशेब पाहा. त्या भागात २३ माणसांत एकाच्या अंगात ही चूक एका बाजूने असते. एका बाजूने असेल तर माणूस ठणठणीत. नवरा-बायको दोघेही असे निघाले, तर प्रत्येक बाळंतपणात चारातले एक मूल आजारी होण्याचा संभव. २३ गुणिले २३ गुणिले ४ म्हणजे २,११६. दोन हजारात एक बाळ, ते असे. या हिशेबात आई जेवढी, तेवढाच बाप. २०१० पासून तिथे लग्नाआधी किंवा मूल होण्याआधी ज्याला हवे त्याची तपासणी करून देतात. रोगावर पक्के औषध अजून नाही. पण आधी कळले की आई-बाप सावध राहतात. तापात मुलाला उपाशी ठेवत नाहीत, दवाखाना लगेच गाठतात.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न पुष्कळ घरांत होते. दोघांचे आजी-आजोबा एक असले, तर आजोबांच्या वहीतली एकच चूक दोघांकडेही आलेली असू शकते. त्यामुळे असे रोग एकत्र येण्याचा संभव वाढतो. अशी कित्येक लग्ने सुखाची होतात, मुले धडधाकट होतात, तेव्हा भिऊन जाऊ नये. मात्र घरात पाठोपाठ दोन लहान मुले तापात गळून गेली असतील, तर मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना तेवढे नक्की सांगावे.

हे सांगताना मला एक घर आठवत होते. १९९८-९९ च्या सुमारास माझ्या सर्कलमधल्या एका गावातले. मामाचीच मुलगी करून आणलेली. पहिला मुलगा अकरा महिन्यांचा गेला, दुसरा दीड वर्षाचा. दोन्ही वेळा साधा ताप, मग अंग ढिले पडले, श्वास धापा टाकल्यासारखा. रोग कोणता होता हे मी सांगू शकत नाही, दुसराही काही असेल. सासूने ठरवले की सुनेची कूस वाईट. मुलगी माहेरी धाडली, मुलाचे दुसरे लग्न झाले. ज्या दिवशी तिला बैलगाडीत बसवले, त्या दिवशी मी त्याच ओट्यावर बसून बीजोत्पादनाचे करार समजावत होतो. मादी ओळीतला दोष नर ओळीने कसा दुरुस्त होतो, हे सांगत होतो. गाडी निघाली तेव्हा मी कागद आवरले, चहा घेतला आणि पुढच्या गावाला गेलो.

पुतणीला मी हे सांगितले. तिच्या कामात अशाच घरांच्या फायली येतात. कोणाचे रक्त असते, कोणाचे नुसते टिपण. पुष्कळांचे उत्तर अजून लागत नाही. याद्या नव्याने येतात तशी ती जुन्या फायली पुन्हा काढून ताडते. तिने मला एवढेच विचारले, "त्या मुलांची वये, दिवस, काय काय झाले, हे कोणी लिहून ठेवले होते का?"

दिवाळीनंतर मी त्या गावी गेलो. ग्रामपंचायतीचे जन्ममृत्यूचे जुने रजिस्टर ग्रामसेवकाने काढून दिले. मोठ्या मुलाची नोंद मिळाली नाही. धाकट्याची मिळाली. नाव, बापाचे नाव, वय एक वर्ष सात महिने. मृत्यूच्या कारणापुढे एकच शब्द होता: ताप. आईच्या नावाचा रकाना कोरा होता.