पडद्याआडची ॲप्स आणि बॅटरीची बचत

ई-पीक पाहणी, पोषण ट्रॅकर यांसारख्या ॲप्समुळे शासकीय कामकाजात स्मार्टफोनला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. शिवारात नोंदणी चालू असताना बॅटरी संपली, तर काम खोळंबते. फोन वापरात नसतानाही बॅटरी उतरते, याचे एक प्रमुख कारण पडद्याआड चालणारी ॲप्स हे होय.

पडदा बंद झाल्यावर प्रोसेसर बहुतांशी निद्रिस्त होतो. एखादे ॲप स्थान शोधण्यासाठी वा माहिती पाठविण्यासाठी त्यास वारंवार जागे करते, तेव्हा वीज खर्च होते. नेटवर्क क्षीण असलेल्या भागात हा खर्च आणखी वाढतो. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या ६ व्या आवृत्तीत आलेली ‘डोझ’ ही सोय अशी कामे लांबणीवर टाकून अधूनमधून एकत्रितपणे उरकते.

प्रत्येक ॲप वरचेवर बंद केल्याने बॅटरी वाचते, हा समज मात्र सर्वस्वी खरा नाही. ॲप नव्याने सुरू होण्यासही वीज लागतेच. त्याऐवजी सेटिंग्जमधील बॅटरीचा तपशील पाहून अधिक वीज खाणारे अनावश्यक ॲप शोधावे व त्याच्या पडद्याआडच्या वापरास मर्यादा घालावी. कामाच्या ॲपवर मात्र असे निर्बंध विचारपूर्वकच घालावेत. अन्यथा माहिती पोहोचण्यास विलंब होण्याचा संभव असतो.