शिंपल्याच्या पोटातलं प्लास्टिक

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाघ गावाच्या आसपास खडकांत कालवं, म्हणजे समुद्री शिंपले, सापडतात. हो, कालवंच! समुद्र इथून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब, मग विंध्याच्या पायथ्याशी ती आली कुठून? सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी आजच्या नर्मदा खोऱ्यातून समुद्राचा एक फाटा थेट इथवर शिरला होता. पुढे तो ओसरला, दख्खनचा लाव्हा या भागावर पसरला, तरी इथे एकेकाळी खारं पाणी होतं याचा पुरावा शिंपल्यांनी सांभाळून ठेवला.

त्याच कुळातल्या शिंपल्यांकडून आज शास्त्रज्ञ दुसरी साक्ष काढताहेत, प्लास्टिकची. प्लास्टिकचा 5 मिलिमीटरहून लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. पॉलिएस्टरचा सदरा धुतला की सुटणारे धागे, गाडीच्या टायरची झीज, उन्हात तडकलेल्या पिशव्यांचा चुरा, सगळं यात आलं.

समुद्राचा आणि आपल्या माळव्याचा काय संबंध, असं वाटतंय? देवास जिल्ह्याचा नकाशा काढून बघा. शहराचं पाणी क्षिप्रेला मिळतं, तिथून चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागराला जातं. त्याच जिल्ह्यात दक्षिणेला नेमावरला मात्र नर्मदा आहे, आणि ती पश्चिमेला अरबी समुद्राकडे निघालेली! धारचंही तेच: घाटावरचं बरंचसं पाणी चंबळेकडे, घाटाखालचं नर्मदेकडे. वाटेतल्या धरणांत बराच गाळ बसतो, पण दोन्ही वाटा शेवटी समुद्रालाच मिळतात.

आता किनाऱ्यावरच्या पाण्यात किती प्लास्टिक आहे, हे मोजायचं कसं? बाटलीभर पाणी घेतलं तर त्या क्षणापुरतं कळतं. भरती आली की सगळं बदललं. आपल्याला हवा असा कुणीतरी, जो एकाच जागी बसून दिवसरात्र तेच पाणी गाळत राहील. निसर्गाने तो आधीच बसवून ठेवलाय! खडकाला चिकटलेलं कालव किंवा शिनाणं नावाचा शिंपला कुठे जात नाही. कल्ल्यांवरच्या असंख्य सूक्ष्म केसांची लव हलवून ते पाणी आत ओढतं आणि त्यातलं शेवाळ टिपतं. एक मोठं कालव अनुकूल पाण्यात दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी गाळू शकतं. तेही जागचं न हलता!

ही कल्पना प्लास्टिकच्या आधीची. 1975 मध्ये अमेरिकेतले एडवर्ड गोल्डबर्ग यांनी सुचवलं, की जड धातू आणि कीटकनाशकं शोधायला जगभरच्या किनाऱ्यांवरचे शिंपले तपासावेत. प्लास्टिकची पाळी नंतर आली. 2008 मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रयोगात दिसलं, की शिनाण्याने गिळलेले प्लास्टिकचे सूक्ष्म कण आतड्यात थांबत नाहीत, ते त्याच्या रक्तद्रवात पोचतात आणि 48 दिवसांनंतरही तिथे सापडतात. आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने साळ नदीच्या खाडीतलं पाणी, गाळ, शिंपले आणि मासे एकत्र तपासले. 2021 मध्ये तो अभ्यास छापून आला. चारही ठिकाणी प्लास्टिक होतं. कालवांत होतं, शिनाण्यांत होतं, तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांतही होतं.

शिंपल्याच्या पोटातलं हे प्लास्टिक बाहेर काढतात कसं? मांस कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. एकदोन दिवसांत मांस विरघळतं, बहुतेक प्लास्टिक तसंच उरतं. ते गाळून सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचं, मग अवरक्त प्रकाश टाकून विचारायचं, तू नायलॉन की पॉलिथिन? खरी कसोटी मात्र संशोधकाच्या कपड्यांची. स्वतःच्याच पॉलिएस्टरच्या शर्टाचा धागा नमुन्यात पडला तर सगळं मुसळ केरात! म्हणून अंगात सुती कोट, आणि शिंपल्याशिवायचा एक कोरा नमुनाही सोबत तपासायचा.

आणि मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. शिंपला म्हणजे चाळणी, असं आपण समजतो. पण चाळणी निवड करत नाही, शिंपला करतो! तोंडाशी असलेल्या मऊ पाळ्यांवर तो कण पारखतो, नको ते चिकट बुळबुळीत गोळ्यात गुंडाळून गिळण्याआधीच बाहेर टाकतो. 2019 मध्ये अमेरिकेतल्या इव्हान वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की लहान गोल कण बहुतेक पोटात जातात, मोठे मात्र बरेचसे नाकारले जातात. म्हणजे पोटात जे सापडलं ते पाण्यात होतं हे नक्की. पण पाण्यात होतं ते सगळं पोटात सापडेलच असं नाही. हा दोष मला मोठा वाटत नाही. गोव्यासारखं पाणी आणि गाळ सोबत तपासला, की शिंपल्याने काय वगळलं याचा अंदाज येतो. शिवाय जिवंत प्राण्याच्या शरीरात नेमकं काय शिरतंय, हे पाण्याची बाटली कधीच सांगणार नाही.

नद्यांतही गोड्या पाण्यातले शिंपले असतात, आणि तेही कल्ल्यांनीच पाणी गाळतात. एकाच मापाचे काही शिंपले जाळीच्या पिंजऱ्यात घालून नेमावरला नर्मदेत ठेवा, तसेच काही देवासखाली क्षिप्रेत, आणि काही आठवड्यांनी बाहेर काढा. दोन समुद्रांकडे या एका जिल्ह्यातून काय चाललंय, त्याची तुलना हाती येईल. पोटॅश, गाळणकागद, सूक्ष्मदर्शक आणि सुती कोट बहुतेक कॉलेजांच्या प्रयोगशाळांत मिळतील. फक्त अवरक्त तपासणीपुरते नमुने मोठ्या संस्थेकडे पाठवावे लागतील.