रेघेवर दिवा पेटतो? या आणि पाहा!

समजा, गेवराई तालुक्यातील उमापूर गावी विज्ञान प्रदर्शन भरले आहे. आपल्या वस्तीतील एक मुलगी कागदावर पेन्सिलीने जाड रेघ ओढते आणि त्या रेघेतून वीज नेऊन छोटा एलईडी दिवा पेटवून दाखविते. कोणी हात जोडील, तर कोणी म्हणेल, "पोरीने खाली तार लपवली असेल!" माता-भगिनींनो, दोघेही न तपासताच बोलले.

केसपुत्त येथे तथागतांनी कालामांना सांगितले, की केवळ ऐकीव आहे, परंपरा आहे वा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. 21 सप्टेंबर 1995 रोजी देशभर 'गणपती दूध पितो' अशी आवई उठली. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा दूध मूर्तीवरून ओघळताना उघड दिसले. येथेही तीच कसोटी लावावी.

पेन्सिलीतील ग्रॅफाइटमधून वीज वाहते. वीजवाहक शाईत चांदीचे किंवा कार्बनचे बारीक कण असतात. टी.व्ही.च्या रिमोटमधील रबरी बटणांखालच्या काळ्या टिकल्या पाहा, त्यांतही कार्बनच असतो.

आता तपासणी. कागद उचलून खालून पाहा. रेघ मध्येच खोडरबराने तोडा, दिवा विझलाच पाहिजे. पुन्हा जोडा, पेटलाच पाहिजे. पेन्सिलीची रेघ लांब केली, की उजेड मंद व्हायला हवा, कारण तिचा विरोध मोठा असतो. शेवटी कागद, पेन्सिल आणि 9 व्होल्टची बॅटरी आपली द्या. पेन्सिलीच्या रेघेवर कोणी पंखा फिरवून दाखवीत असेल, तर लबाडी आहे असे समजावे. मोबाईलवरील चित्रफितीत कागद उलटून पाहता येत नाही, म्हणून तीवर विसंबून पैसे मोजू नयेत.

दिवा लागला नाही, तरी मुलीला खोटे ठरवू नका. एलईडीचे पाय उलटे जोडून पाहा, त्यातून वीज एकाच दिशेने जाते. मात्र घरातील विजेच्या बटणाशी हा प्रयोग कदापि करू नये.

पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला प्रश्न विचारू दिला गेला नाही. बाबासाहेबांनी तो हक्क मिळवून दिला. मग आपणच आपल्या लेकीला संशयाने गप्प बसवावे काय? तिच्या शेजारी बसा आणि म्हणा, "बाळ, रेघ तोडून दाखव."

जयभीम!