पडद्यावरचे पाटील, घराघरातले आजोबा

२०२० सालचा ६ डिसेंबर आपल्यापैकी कुणी विसरणार नाही. दरवर्षी चैत्यभूमीकडे निघणारी पावले त्या वर्षी घरातच थांबली. करोनाच्या साथीमुळे अनुयायांनी घरूनच अभिवादन करावे, असे आवाहन शासनाने केले होते आणि चैत्यभूमीवरची मानवंदना दूरदर्शनवरून दाखवली गेली. आमच्या माण गावातल्या वस्तीतही त्या सकाळी घरोघर माणसे पांढरे कपडे घालून टीव्हीसमोर बसली होती. त्याच दिवशी बातम्यांत आणखी एक चेहरा झळकला. भरघोस पांढऱ्या मिशा, दरारा वाटावा असे डोळे. ज्येष्ठ अभिनेते रवी पटवर्धन आदल्या रात्री, ५ डिसेंबरला, ठाण्यात निधन पावले होते. वय ८३. घरातल्या बायाबापड्या हळहळल्या, "अगं, आजोबा गेले!"

नाव पुष्कळांना ठाऊक नव्हते. चेहरा मात्र सगळ्यांना ठाऊक होता. चरित्र अभिनेत्याचे आयुष्य हे असे असते. नायकाचे पोस्टर लागते, नायिकेची मुलाखत छापून येते. पण गोष्टीतला पाटील, न्यायाधीश, जमीनदार, सासरा ज्याने उभा केला, त्याचे नाव विचारण्याच्या आत पाट्या सरकून जातात. अशाच एका कलावंताची ओळख आपल्या घरच्या पानातून करून द्यावी, असे आम्हांला वाटले.

रवी पटवर्धन यांचा जन्म ६ सप्टेंबर १९३७ चा. लहानपणीच त्यांच्या तोंडाला रंग लागला तो अखेरपर्यंत उतरला नाही. पण नुसत्या नाटकावर घर चालत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी रिझर्व्ह बँकेत नोकरी केली आणि नोकरी सांभाळून रंगभूमीची सेवा केली. दिवसा कचेरी आणि रात्री प्रयोग, असा हा संसार होता. आपल्यातले कितीतरी शाहीर, कव्वाल, जलसेकार असेच कारखान्यात पाळी करून रात्री गात आले. म्हणून या धडपडीची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको.

रत्नाकर मतकरी यांच्या 'आरण्यक' या नाटकात १९७४ साली त्यांनी धृतराष्ट्र केला. चार दशकांनंतर ते नाटक पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हाही धृतराष्ट्र तेच होते. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती! ज्या वयात माणसाला औषधाची वेळ लक्षात ठेवावी लागते, त्या वयात त्यांनी पल्लेदार संवाद पाठ केले. हिंदी चित्रपटांतही ते दिसले. 'अंकुश' (१९८६) आणि 'तेजाब' (१९८८) ही त्यांतली दोन नावे.

पण खेड्यापाड्यांत त्यांना नेले ते दूरदर्शनने. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी सिंहगडावरून त्याचे पुनःप्रक्षेपण होऊ लागले आणि पुणे परिसरात मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. आमच्या वस्तीत पहिला टीव्ही आला तो पिंपरीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या एका घरी. संध्याकाळी त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोरे बसत. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं' लागे. त्यात खतांची, बियाण्यांची माहिती गप्पांच्या ओघात सांगितली जाई आणि गावच्या पाटलाच्या रूपात रवी पटवर्धन दिसत.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. पाटील म्हटले की आमच्या आजीच्या अंगावर काटा येई. तिने वाड्यापुढे उभे राहून मागितलेली भाकर पाहिली होती, येसकराची काठी पाहिली होती. पडद्यावर तो मिशीवाला, करड्या आवाजाचा पाटील आला की ती आधी पदर सावरी. मग तोच पाटील रोपांवरच्या किडीविषयी बोलू लागला, कुणी थट्टा केली की हसू लागला, की आजीही हसे. "हा पाटील बरा हाय, ओरडत न्हाई," असे ती म्हणे. पडद्यावरच्या पाटलाने गावातला पाटील बदलला, असे आम्ही म्हणणार नाही. तो बदल बाबासाहेबांच्या लढ्याने आणि कायद्याने घडवला. पण आजीच्या मनातली भीती एका नटाने घटकाभर का होईना सैल केली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

पुढे २०१९ साली झी मराठीवर 'अग्गंबाई सासूबाई' ही मालिका आली. विधवा सुनेने प्रौढ वयात पुन्हा लग्न करावे की नाही, हा तिचा विषय. निवेदिता सराफ यांनी केलेल्या आसावरीचे सासरे दत्तात्रय कुलकर्णी म्हणजे रवी पटवर्धन. शिस्तीचे, हट्टी, जुन्या वळणाचे. आधी कडाडून विरोध करणारा हा म्हातारा अखेर सुनेच्या पाठीशी उभा राहतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी विधवांच्या दुःखाला हात घातला त्याला दीडशे वर्षे उलटली. तरी हा प्रश्न अजून घरात दबक्या आवाजात बोलला जातो. तो ऐन जेवणाच्या वेळी घराघरात पोहोचला, यात आजोबांचाही वाटा आहे.

आणि मग साथ आली. मार्चमध्ये चित्रीकरण बंद पडले. मे २०२० च्या अखेरीस शासनाने परवानगी दिली, पण ६५ वर्षांवरील कलावंतांना आणि कामगारांना सेटवर येण्यास मनाई केली. रवी पटवर्धन यांच्या वयाचे सारेच त्या अटीत आले. ज्यांच्यामागे नोकरीचे निवृत्तिवेतन आहे त्यांचे एकवेळ ठीक. पण छोट्या भूमिका करणाऱ्यांचे काय? त्यांचा हिशेब दिवसावर असतो, आणि मालिकांत केलेल्या कामाचे पैसे तीन-तीन महिन्यांनी हातात येण्याची रीत आहे. काम थांबले की चूल थांबते.

प्रमोद पांडे या सत्तर वर्षांच्या अभिनेत्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. पोट भरण्याचे दुसरे साधन आपल्याकडे नाही, हे त्यांचे म्हणणे होते. ७ ऑगस्ट २०२० रोजी न्यायमूर्ती काथावाला आणि न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने ती अट रद्द केली. त्याच वयाचा माणूस दुकान उघडू शकतो, मग नटालाच बंदी का, हा साधा प्रश्न होता. समानता, व्यवसायाचे स्वातंत्र्य आणि सन्मानाने जगण्याचा हक्क, म्हणजे संविधानाची १४, १९ आणि २१ ही कलमे, एका म्हाताऱ्या नटाच्या मदतीला धावून आली.

याची दुसरी बाजूही आहे. पुढच्याच महिन्यात, २२ सप्टेंबर २०२० रोजी, ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर साताऱ्यात करोनाने गेल्या. मालिकेच्या सेटवर त्यांना लागण झाली होती. त्यांचे वय होते ७९. म्हणजे धोका खोटा नव्हता. मग बंदी बरोबर होती काय? आम्हांला तसे वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाला घरी बसवणे म्हणजे त्याची काळजी घेणे नव्हे. कामाच्या जागी सुरक्षितता, विमा, औषधपाणी आणि वेळेवर मेहनताना देणे ही खरी काळजी.

हा प्रश्न नटांपुरता नाही. आज माणच्या शेतांच्या जागी संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्यांच्या फाटकांवर साठी गाठलेले आपलेच आजोबा पहारा देतात, आपल्याच मावश्या फरशा पुसतात. साथीत त्यांतल्या कितीजणांना "उद्यापासून येऊ नका" एवढेच सांगण्यात आले. त्यांच्यासाठी न्यायालयात कोण गेले?

रवी पटवर्धन यांच्या पश्चात मालिकेतले आजोबा मोहन जोशी यांनी पुढे नेले. भूमिका थांबत नाही, माणूस बदलतो. पण वयाच्या ८३ व्या वर्षापर्यंत कामावर असलेल्या त्या कलावंताने एक शिकवण मागे ठेवली. हाताला काम आहे तोवर माणूस म्हातारा होत नाही.

आज संध्याकाळी टीव्ही लावाल तेव्हा शेवटच्या पाट्या सरकण्याआधी उठू नका. एखादे नाव वाचा. आणि जवळच बसलेल्या आपल्या आजोबांना विचारा, "तुम्ही काय काय काम केलंत?" ती गोष्ट कुठल्याही मालिकेपेक्षा मोठी निघेल.