नोएल डायसचा सलीम रझा

डायस हे आडनाव ऐकलं की आपल्याला वसई आठवते, नाहीतर गोवा. नोएल डायस मात्र अमृतसरच्या ख्रिस्ती घरातला. जन्म १९३२ चा. फाळणीनंतर तो लाहोरला गेला, रेडिओवर गाऊ लागला आणि १९५५ च्या 'नौकर'पासून चित्रपटात आला, तो सलीम रझा होऊनच.

नावाच्या या बदलाला लाहोरात कुणी हसलं नसावं. १९५७ च्या 'सात लाख'चा नायक संतोषकुमार म्हणजे सय्यद मूसा रझा. त्याचा धाकटा भाऊ दर्पण, तोही नायकच. फाळणी होऊन दहा वर्षं झाली तरी पाकिस्तानी पडद्यावर मुसलमान नट हिंदू नावानं वावरत होता आणि त्याच सिनेमात ख्रिस्ती गायक मुसलमान नावानं गात होता. मुंबईत युसुफ खानचा दिलीपकुमार झाला, त्याच रिवाजाची ही लाहोरी शाखा.

फाळणीनंतर लाहोरच्या चित्रधंद्याची दैना झाली होती. दंगलीत निर्माते शोरींचा स्टुडिओ जळाला होता, निर्माते दलसुख पांचोली निघून गेले होते. पाकिस्तानचा पहिला चित्रपट 'तेरी याद' १९४८ साली आला. त्यात मुनव्वर सुलताना गायल्या. पुरुष आवाजांत इनायत हुसेन भट्टींचा दणकट पंजाबी गळा होता, पण उर्दू सिनेमाच्या हळव्या नायकाला तो पेलवेना. सलीम रझाचा आवाज तलत महमूदच्या जातीचा: मऊ, किंचित कापरा, स्वर सोडताना रेंगाळणारा. 'सात लाख'मध्ये रशीद अत्रेंनी त्याला दारुड्याचं गाणं दिलं. अशा गाण्यात उचक्या देऊन गायक वेळ मारून नेतात. रझा झिंगतो तो लयीत, तेही बेतानं.

१९५७ च्याच 'नूर-ए-इस्लाम'मध्ये त्याने पैगंबरांची स्तुती गायली. संगीत हसन लतीफ यांचं. 'शाह-ए-मदीना' ही नात, म्हणजे स्तुतिगीत, पाकिस्तानात आजही घराघरांत म्हटली जाते. ख्रिस्ती गळ्यातून आली म्हणून तिला कुणी बाट लावला नाही.

'बेदारी' या पाकिस्तानी चित्रपटाची गोष्ट तर मराठी माणसानं मुद्दाम ऐकावी अशी. गोरेगावच्या फिल्मिस्तानच्या 'जागृती'ची (१९५४) ती उघड नक्कल. 'जागृती'तला बालनट रतनकुमार सहकुटुंब पाकिस्तानात गेला आणि 'बेदारी'त त्याने दुहेरी भूमिका केली. हेमंतकुमारांच्या चालीही तशाच उचलल्या, शब्द फय्याज हाश्मींनी नवे बसवले. 'जागृती'त कवी प्रदीप यांच्या आवाजात मुलांना आगगाडीतून देश दाखवला जातो, त्यात शिवाजी महाराजांचा मराठी मुलूख येतो. 'बेदारी'त त्याच चालीवर सिंध आणि मुहम्मद बिन कासिम. तिकडे प्रदीप आणि रफी या दोघांनी गायलेली गाणी इथे एकट्या सलीम रझाच्या वाट्याला आली. चोरी ती चोरीच; पण नव्या देशाला आपल्या मुलांसाठी गाणी हवी होती आणि तयार चाली शेजारच्या घरात पडल्या होत्या.

माझ्या मते सलीम रझाचं शिखर 'अज़रा'तल्या (१९६२) गाण्यात आहे. मास्टर इनायत हुसेन यांची चाल, तन्वीर नक्वींचे शब्द. एवढे फारसी समास की गायकाची जीभ अडखळावी. रझा ते लोण्यासारखे उलगडतो.

मग नायक बदलला. साठच्या दशकात वहीद मुराद नाचू-बागडू लागला, त्याला अहमद रश्दीचा खट्याळ गळा शोभला. 'अरमान'नं (१९६६) त्यावर शिक्कामोर्तब केलं. दर्दभऱ्या गाण्यांसाठी 'फरंगी'पासून (१९६४) मेहदी हसन आले. त्यांच्या गझलगायकीची तालीम रझाकडे नव्हती. वरच्या पट्टीला मसूद राणा होताच. तिन्ही बाजूंनी कोंडी झाली. गाणी आटली, ती आवाज बिघडला म्हणून नव्हे.

कराचीच्या एस. बी. जॉनशी त्याची तुलना करावीशी वाटते. तोही ख्रिस्तीच, पण त्याने 'सवेरा'त (१९५९) आपल्या मूळ नावानंच गायलं आणि त्या एका गाण्यावर तो आयुष्यभर ओळखला गेला. २००६ साली मुंबईच्या 'वो लम्हे'नं तेच गाणं पुन्हा वापरलं. म्हणजे उसनवारी एकाच दिशेनं चालत नव्हती.

सलीम रझा सत्तरच्या दशकात कॅनडाला गेला. व्हँकुव्हरमध्ये तो गाणं शिकवत असे. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, तो तिथेच वारला.