इनिटला दिलेला ‘शरद’ गेला कुठे?

आयपॅडवर डावीकडे नावांची यादी, उजवीकडे दुरुस्तीचा फॉर्म. यादीत ‘मीना’वर बोट ठेवलं, फॉर्ममध्ये मीना आली. मग ‘शरद’ निवडला, तरी फॉर्ममध्ये मीनाच. इनिटमध्ये प्रिंट लावून पाहावं, तर शरद तिथवर नीट पोचलेला. स्विफ्टयूआय शिकणारी अनेक मंडळी इथेच अडतात आणि स्वतःच्या बुद्धीला दोष देतात. दोष बुद्धीचा नाही, जुन्या समजुतीचा आहे.

समजूत अशी, की इनिट एकदाच चालतं आणि तिथे दिलेलं सगळं व्ह्यूपाशी राहतं. यूआयकिटमध्ये व्ह्यू हा क्लास असल्यामुळे ते बरंचसं खरंही होतं. ॲपलने 2019 साली आणलेल्या स्विफ्टयूआयमध्ये मात्र व्ह्यू सहसा स्ट्रक्ट असतो: पडद्यावर काय दिसावं याचं वर्णन, इतकंच. पालक व्ह्यूची बॉडी चालली की हे वर्णन नव्याने लिहिलं जातं आणि इनिट पुन्हा चालतं. फॉर्ममधलं नाव ‘स्टेट’मध्ये ठेवलेलं होतं, आणि ‘स्टेट’ची व्हॅल्यू स्विफ्टयूआय स्वतःकडे सांभाळतं, व्ह्यूच्या ओळखीशी बांधून. इनिटमधली व्हॅल्यू ते पहिल्यांदाच घेतं. ओळख तीच असेपर्यंत पुढच्या व्हॅल्यू सोडून देतं. आपला शरद असा सुटला.

यावर ‘सगळीकडे बाइंडिंग द्या’ असा सल्ला मिळतो. तो मला पटत नाही. नुसतं दाखवायचं असेल तर साधा ‘लेट’ पुरतो; पालक बदलला की नवी व्हॅल्यू आपोआप येते. मुलाने केलेला बदल पालकापर्यंत जायचा असेल तरच बाइंडिंग. इनिट स्वतः लिहिताना पॅरामीटर बाइंडिंग प्रकारचा घ्यावा आणि नावाआधी अंडरस्कोर लावलेल्या प्रॉपर्टीत ठेवावा.

‘रद्द करा’ बटण असलेल्या फॉर्मला मात्र कच्ची प्रत लागते, म्हणून तिथे स्टेट योग्यच. फक्त पालकाने फॉर्मला ‘आयडी’ मॉडिफायर लावून निवडलेल्या व्यक्तीचा आयडी द्यावा. आयडी बदलला की ओळख बदलते आणि शरद येतो. मीनाच्या फॉर्ममध्ये लिहिलेलं, पण जतन न केलेलं, पुसलं जातं. वापरणाऱ्याला आधी विचारायला हवं.

इनिटमध्ये सर्व्हरकडून माहितीही मागवू नये, कारण ते कितीदा चालेल हे आपल्या हातात नाही. त्यासाठी आयओएस 15 पासून ‘टास्क’ मॉडिफायर आहे. त्यालाही तोच आयडी दिला, की व्यक्ती बदलल्यावर जुनं काम रद्द होऊन नवं सुरू होतं.