दंडावरचे व्रण

माझ्या आजीच्या डाव्या दंडावर जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढे दोन गोल व्रण आहेत. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना मी त्यांवरून बोट फिरवीत असे. ‘हे काय गं?’ म्हणून विचारले की ती सांगे, ‘देवी काढल्याली हाय.’ आजीने आयुष्यात घेतलेली ती पहिली लस. २०२१ साली कोरोनाची लस गावात आली, तेव्हा हीच आजी, वय वर्षे पंच्याहत्तर, उंबऱ्यात बसून म्हणाली, ‘मला न्हाई टोचून घ्यायचं. मरायचं आसंल तर मरंन, पर सुई नगं.’

ज्या उपायाने तिच्या पिढीला देवीच्या रोगातून सोडवले, तोच उपाय तिला नको होता. असे का व्हावे? त्या वेळी मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि ‘अडाणीपणा’ या एका शब्दात मी या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले होते. पुढे एम. ए.पर्यंत येता येता ते उत्तर मला पुरेनासे झाले. ते का पुरत नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

लस म्हणजे काय, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. रोगाचा जंतू मारून, दुबळा करून किंवा त्याचा केवळ एखादा अंश घेऊन तो शरीराला आधी दाखवायचा. शरीर त्याची ओळख ठेवते आणि खरा शत्रू आला की सावध असते. हैदराबादेत तयार झालेल्या कोव्हॅक्सिनमध्ये कोरोनाचा निष्प्राण केलेला संपूर्ण विषाणू होता. पुण्यात तयार झालेल्या कोव्हिशील्डची तऱ्हा निराळी. चिंपांझीला सर्दी आणणारा एक विषाणू वाढू शकणार नाही असा करून, त्याच्या पाठीवरून कोरोनाच्या काटेरी प्रथिनाचा नमुना शरीरात पोहोचविला होता. म्हणजे आपला दंड ही एक शाळाच, आणि लस हा धडा. मात्र धडा शिकायला वेळ लागतो. सुई टोचली त्याच दिवशी माणूस सुरक्षित होत नाही, पुरते दोन-तीन आठवडे जावे लागतात. या दोन-तीन आठवड्यांविषयी मला पुढे लिहावयाचे आहे.

आजीला लशीची ओळख नव्हती असे नाही. तिला ती फार चांगली होती. तिच्या सांगण्याप्रमाणे देवी काढणारे गावात आले की बायका पोरांना कणगीत, वैरणीच्या गंजीमागे लपवीत. ते लोक पोराचा हात धरून चकतीसारखे एक हत्यार दंडावर टेकवीत आणि गर्रकन फिरवीत. पुढे आठ-दहा दिवस ताप, पू, खपली. ते व्रण त्याचे. कोणी समजावून सांगितले नाही, विचारले तर नाहीच. तरीही त्याच कामामुळे भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला आणि हजारो वर्षांचा रोग गेला. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘आसंल. पर धरून काढल्या.’

दुसरी आठवण १९७६ सालची. आणीबाणीत नसबंदीची उद्दिष्टे ठरवून दिलेली होती. महाराष्ट्र विधानसभेने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते, जे पुढे अमलात आले नाही. आजी सांगते, सरकारी जीप दिसली की आजोबा आणि वाडीतले पुरुष ओढ्याकडे पळत. ‘एक सांगत्यात आन् दुसरंच करत्यात’ हे तिचे वाक्य तेव्हाचे आहे. पंचेचाळीस वर्षांनी गावात पुन्हा सरकारी गाडी आली, पुन्हा याद्या झाल्या, पुन्हा सुई निघाली. आजीच्या भीतीला अज्ञान कसे म्हणावे? ती तर स्मरणशक्ती होती.

आणि केवळ आजीचीच नव्हे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्याच वर्षी पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले आणि त्या संतापात २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण इतिहासात वाचतो. त्याच काळात मुंबईत वाल्देमार हाफकिन हा ओडेसात जन्मलेला शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करीत होता. पोषक द्रवावर तुपाचे थेंब सोडून त्यांच्या आधाराने तो जंतू वाढवी आणि उष्णतेने मारी. (तुपाचा असा उपयोग होईल हे आजीला फार आवडले.) १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याला ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि हे त्याने लपविले नाही. परळची आजची हाफकिन संस्था याच माणसाच्या नावाची.

पण याच लशीच्या इतिहासात मुळकोवालही आहे. १९०२ साली पंजाबातल्या या गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष लशीचा नव्हता, बाटली उघडताना झालेल्या अस्वच्छतेचा असावा, असे पुढे दिसून आले आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाला. मात्र मुळकोवालच्या लोकांनी त्यानंतर सुईला घाबरायचे नाही, असे त्यांना कोणी कोणत्या तोंडाने सांगावे? कोव्हिशील्डचेही तसेच. रक्तात गुठळ्या होऊन बिंबिका कमी होण्याचा एक अत्यंत विरळा पण गंभीर दुष्परिणाम तिच्यामुळे होऊ शकतो, हे युरोपातील औषध नियामकांनी एप्रिल २०२१ मध्येच नोंदविले होते. रोगाच्या धोक्यापुढे तो धोका फारच लहान होता. पण ‘काहीही होत नाही’ हे म्हणणे खरे नव्हते, आणि आमच्याकडे ध्वनिक्षेपकावरून गावभर तेच ओरडले जात होते.

आता माझ्याविषयी. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले, तेव्हा लस घेतल्याने पुरुषत्व जाते अशी एक अफवा मोबाईलवरून फिरत होती. औषध महानियंत्रकांनी ती साफ खोटी म्हणून सांगितले होते आणि मलाही ती खोटीच वाटली होती. तरी खाली हसरे चेहरे टाकून मी ती आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवून दिली. गंमत म्हणून! त्या गटात माझा मामा होता. वय ५१, पिठाची गिरणी, दिवसभर चार गावच्या माणसांशी संबंध. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. मामीने त्याला दोनदा म्हटले. तो म्हणाला, ‘बघू पुढच्या आठवड्यात, लोक काहीबाही बोलतायत.’ पुढच्या आठवड्यात साठा संपला म्हणून राज्यातली अनेक केंद्रे बंद पडली. २२ एप्रिलला त्याला ताप आला. प्राणवायूची खाट मिळायला दीड दिवस गेला. ३ मे रोजी मामा गेला. आम्हांला लांबून दाखविले.

त्यानंतर मी एक गणित पुष्कळदा मांडले आहे. समजा, त्याने २ एप्रिलला लस घेतली असती. ताप येईपर्यंत वीस दिवस. एका मात्रेचे संरक्षण साधारण तेवढ्याच दिवसांनी उभे राहू लागते. म्हणजे तो वाचला असता का? कदाचित. कदाचित नाहीही. माझ्या निरोपामुळेच तो थांबला का? लोक तर अनेक गोष्टी बोलत होते, त्यांत माझी एक. गणित सुटत नाही. पण त्याच्या मनातल्या ‘काहीबाही’त माझा वाटा नव्हता असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. आजीला मी अडाणी म्हणत होतो; तिने निदान कोणाला निरोप पाठविला नव्हता.

आजीने अखेर जुलैमध्ये लस घेतली, ती माझ्या व्याख्यानाने नव्हे. वाडीची आशाताई एका दुपारी आली, चहा घेतला, आणि ‘मामी, घ्या ना’ असे एकदाही म्हणाली नाही. फेब्रुवारीत आपण पहिली सुई घेतली तेव्हा दोन दिवस ताप होता, अंग ठेचल्यासारखे झाले होते, तिसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागले, एवढे सांगितले. ‘तुमास्नीबी ताप येईल. गोळी देते. रात्री येऊन बघून जाईन.’ आणि ती खरोखरच रात्री येऊन गेली. हाफकिनचे नाव तिने ऐकले असेल असे मला वाटत नाही.

माझी पाळी ऑगस्टमध्ये आली. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण १ मे रोजी सुरू होऊन मेच्या मध्यात राज्यात थांबले होते, ते जूनअखेर पुन्हा सुरू झाले. तरी मोबाईलवर पाळी मिळणे म्हणजे लॉटरी. शेवटी आरोग्यकेंद्रासमोर पहाटे चारला रांगेत चपला मांडून ठेवणाऱ्यांत मीही होतो. अकराला सुई, पुढे अर्धा तास बाकावर बसणे, संध्याकाळी थंडी वाजून ताप. चौऱ्याऐंशी दिवसांनी दुसरी. आजीने दोन्ही वेळा माझा दंड निरखून पाहिला आणि व्रण नाही म्हणून नापसंती दाखविली. टोचल्याची खूण काय मग? प्रमाणपत्राचा कागद छापून आणला, तेव्हा तो तिने शिधापत्रिकेबरोबर ट्रंकेत ठेवला.

मामीने मात्र जूनमध्येच एकटीने जाऊन लस घेतली होती. कोणाला बरोबर नेले नाही, आल्यावर बोललीही नाही. दुसऱ्या दिवशी गिरणी उघडली. त्या निरोपाविषयी मी तिच्याशी आजवर बोललेलो नाही. तिला वाचायला आवडते. अंक निघाला की एक प्रत तिला नेऊन देणार आहे.